चपलेचा अंगठा

मागच्या पावसाळ्यात हिंगोलीतल्या एका सेवा केंद्रात सातबारा काढायला गेलो होतो. नेहमीप्रमाणे सर्व्हर डाउन. माझ्या आधी एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून गेली होती, तिच्या आधी एक जोडपं बाळाच्या जन्मदाखल्यासाठी येऊन गेलं होतं आणि त्याही आधी कुणीतरी जुन्या ट्रॅक्टरच्या किमती बघत बसला होता. वेळ जाईना म्हणून केंद्रवाल्यानं बातम्यांचं एक पान उघडलं. पानाच्या उजव्या अंगाला ट्रॅक्टर, खाली नर्सिंग कॉलेजचे प्रवेश आणि मजकुराच्या मधोमध डायपर. तो हसून म्हणाला, "काका, हे कॉम्प्युटर शेतकरी बी आहे, विद्यार्थी बी आहे अन् लेकुरवाळं बी."

गमतीत बोलला, पण त्या पानामागची सगळी विद्या त्यानं एका वाक्यात सांगितली. वेबसाइटला माणूस दिसत नाही. तिला समोर एक यंत्र दिसतं, आणि हे यंत्र काल आलं होतं तेच का, एवढाच तिचा प्रश्न असतो. पुण्या-मुंबईत जिथं माणशी एक लॅपटॉप आणि एक फोन आहे तिथं यंत्र ओळखलं की माणूस ओळखला जातो. आमच्या जिल्ह्यात एका खुर्चीवर दिवसभरात पन्नास माणसं बसतात, तिथं हा हिशेब गडबडतो. या गडबडीत आपला थोडा फायदा आहे आणि बराच तोटाही आहे. तो कसा, हे कळायला मुळापासून जावं लागेल.

पान मागवायचं तर ते कुठे पाठवायचं हे सांगावंच लागतं. हा परतीचा पत्ता म्हणजे आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात एकूण ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास आहेत, माणसं ८ अब्जांवर. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो-हजारो ग्राहक बसवतात. वाड्याला घर नंबर एक आणि आत पन्नास बिऱ्हाडं, तसं. सेनगावात बसून फोनवर पान उघडलं तर वेबसाइटला पत्ता मुंबईचा दिसला, असं सर्रास होतं. नव्या पद्धतीच्या पत्त्यांची मात्र टंचाई नाही, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो, आणि २०१६ साली जिओ आली ती ही नवी पद्धत घेऊनच आली. फोन या पत्त्याचा शेवटचा भाग अधूनमधून बदलत राहतो, म्हणून तो कायमचा शिक्का होत नाही. एकूणात आयपी पत्ता म्हणजे ढोबळ खूण. तेवढ्यावर कुणाचं भागत नाही.

वाटेत बसलेल्यांची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांची, गोष्ट निराळी. अमेरिकेत व्हेरायझन कंपनी २०१२ पासून ग्राहकांच्या प्रत्येक मागणीला स्वतःचा एक क्रमांक गुपचूप चिकटवत होती. २०१४ साली बोभाटा झाला आणि २०१६ साली साडेतेरा लाख डॉलरचा दंड बसला. आपल्याकडे २०१५ साली बंगळूरच्या एका प्रोग्रामरनं दाखवून दिलं की एअरटेलच्या थ्रीजीवर उघडलेल्या पानांत वाटेतच एक परका कोड घुसवला जातोय. त्यावर त्यालाच तो कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीची कायदेशीर नोटीस आली! आता बहुतेक वेबसाइट कुलूपबंद जोडणी वापरतात, पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं ते हेच. त्यामुळे वाटेत पाकीट फोडण्याचा हा धंदा बराचसा बसला.

खरा खेळ कुकीपासून सुरू होतो. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलं की बाहेर चप्पल ठेवतो आणि टोकन घेतो. चपलांचा माणूस आपलं नाव विचारत नाही. परत येऊन टोकन दाखवलं की आपली चप्पल आपल्याला. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मोंटुली या तरुण प्रोग्रामरनं कुकी काढली ती नेमकी या कामासाठी. वेब मुळात विसराळू आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की सर्व्हरला आपण पुन्हा अनोळखी. मग खरेदीची टोपली लक्षात ठेवायची कशी? तर ब्राउझरच्या हाती एक टोकन द्यायचं आणि दर वेळी ते परत दाखवायला लावायचं. यात गैर काहीच नव्हतं. आजही कुकीशिवाय बँकेत लॉगिन राहणार नाही.

गैर पुढे झालं. समजा औंढा, नर्सी, परळी, माहूर, सगळीकडच्या चपलांचं कंत्राट एकाच माणसानं घेतलं आणि औंढ्याला दिलेलं टोकन तो बाकीच्या तिन्ही ठिकाणी मागू लागला. आता त्याच्या वहीत लिहिलं जाईल की ४१२ नंबर सोमवारी औंढ्याला, एकादशीला नर्सीला, नवरात्रात माहूरला. नाव नाही, गाव नाही, पण यात्रेकरू पुरता कळला. वेबवर असे कंत्राटदार म्हणजे जाहिरातींच्या आणि मोजणीच्या कंपन्या. बातमीच्या पानावर, बाजारभावाच्या पानावर, नोकरभरतीच्या पानावर कोपऱ्यात त्यांचाच माणूस बसलेला असतो. कुकी 'त्रयस्थाची' म्हणतात ती ही. सेवा केंद्रातला तो ट्रॅक्टर आणि ते डायपर याच वहीतून आले.

वहीचं पुढे काय होतं तेही हिंगोलीकराला परकं वाटू नये. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा लिलाव बघितला असेल. ढीग ओतला जातो, व्यापारी येऊन हळकुंड मोडून रंग बघतो, दुसरा बघतो, तिसरा बघतो, बोली होते. जाहिरातीच्या लिलावात ढीग आपला असतो. पान उघडतंय तोवर, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, हे यंत्र कुठलं, काय वाचतंय, आधी कुठे दिसलं होतं याचा नमुना अनेक बोलीदारांकडे जातो आणि ज्याची बोली वरचढ त्याची जाहिरात दिसते. विकत एकच घेतो, पण हळकुंड सगळ्यांनी मोडून पाहिलेलं असतं. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत वाईट भाग हाच आहे. जाहिरात दिसल्याचं दुःख कमी, न जिंकलेल्या बोलीदारांनी काय टिपून ठेवलं याचा पत्ता लागत नाही ते जास्त.

लोक कुकी पुसायला शिकले. मग २०१० साली सॅमी कामकार या प्रोग्रामरनं 'एव्हरकुकी' करून दाखवली. एकच क्रमांक ब्राउझरच्या डझनभर सांदीकोपऱ्यांत लिहून ठेवायचा. एक पुसला तर दुसऱ्यावरून पहिला पुन्हा उगवतो. चपलांच्या माणसानं टोकन दिलंच, शिवाय तळव्याला, पट्ट्याला, टाचेला खडूनं नंबर टाकून ठेवला, असा प्रकार. ब्राउझरवाल्यांनी यातल्या बहुतेक सांदी पुढे बुजवल्या.

पण मुरलेल्या माणसाला टोकनही लागत नाही आणि खडूही. तो चप्पलच बघतो. डावी टाच जास्त झिजलेली, पट्टा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला, अंगठा एकदा तुटून वसमतच्या चांभाराकडून बसवून घेतलेला. अशी चप्पल यात्रेत दुसरी सापडेल का? इंग्रजीत या प्रकाराला बोटांच्या ठशाचं नाव दिलंय. मला चप्पल जास्त पटते. ठसा जन्मभर बदलत नाही. चप्पल झिजते, बदलते, आणि तरीही ओळखू येते.

वेबसाइट ही झीज कशी बघते? काही गोष्टी ब्राउझर आपणहून सांगतो: मी कोणता, कुठल्या आवृत्तीचा, कोणत्या यंत्रावर चालतोय, मला कोणती भाषा हवी आहे, मी कुठल्या पानावरून आलो. (या शेवटच्या माहितीच्या मथळ्याचं इंग्रजी स्पेलिंग मूळ नियमावलीतच चुकलं आणि तीस वर्षं ते तसंच चालू आहे. सरकारी कागदावर नाव चुकलं की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.) बाकीच्या गोष्टी पानातला कोड विचारून घेतो: पडदा किती रुंद, घड्याळ कुठल्या पट्ट्यातलं, कोणते फॉन्ट आहेत, ग्राफिक कार्ड कोणतं. फोनची बॅटरी किती टक्के आहे हेही विचारता येत होतं. २०१५ साली संशोधकांनी त्यावरूनही माग काढता येतो असं दाखवलं आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये ती सोय काढून टाकली. क्रोममध्ये ती अजून आहे.

एकेक गोष्ट क्षुल्लक. एकत्र केल्या की चाळणी बारीक होत जाते. हो-नाही असं उत्तर असलेला चांगला प्रश्न गर्दी निम्मी करतो. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. वीस प्रश्नांनी १०,४८,५७६ माणसं एकमेकांपासून वेगळी होतात, म्हणजे वीस प्रश्न थोडे कमी पडतात. एकविसाव्या प्रश्नाला जिल्ह्यातला कुणीही एकटा सापडलाच पाहिजे. साऱ्या जगाला तेहतीस प्रश्न पुरतात. अट एकच: उत्तरानं गर्दी खरोखर निम्मी व्हायला हवी. घड्याळाचा पट्टा विचारला तर अख्ख्या भारताचं उत्तर एकच, त्यातून आपल्याबद्दल फारसं काही कळत नाही. तोच प्रश्न नेपाळमधल्या माणसाला विचारला तर त्याचा देश उघडा पडतो, कारण पावणेसहा तासांचं घड्याळ दुसऱ्या कुणाकडे नाही. ओळख पटते ती दुर्मीळपणावरून.

आणि इथे मराठी माणसाची पंचाईत आहे. बहुतेक दुकानांतून संगणक इंग्रजी भाषा ठेवूनच येतो आणि तसाच राहतो. ज्यानं हौसेनं ब्राउझर मराठी केला, तो प्रत्येक वेबसाइटला न विचारता सांगत फिरतो की मला आधी मराठी हवं, नाही तर इंग्रजी चालेल. महाराष्ट्राबाहेरच्या वेबसाइटवर असा पाहुणा क्वचित येतो. त्याहून मोठी खूण फॉन्टची. ज्या संगणकावर लग्नपत्रिका, हँडबिलं, ग्रामपंचायतीचे ठराव टाइप होतात त्यावर श्रीलिपी असते, आकृती असते, सी-डॅकचं आयएसएम असतं, कुणीतरी कधीतरी टाकलेला कृतिदेव असतो. एक काळ असा होता की मराठी वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचायचं तर त्या पत्राचा खास फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. कोडला फॉन्टची यादी मिळण्याची गरजही नसते. तो एक ओळ अमुक फॉन्टमध्ये लिहायला सांगतो आणि तिची रुंदी मोजतो. रुंदी बदलली तर फॉन्ट आहे, नाही बदलली तर नाही. अशा शे-दोनशे मोजण्या डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात. माझ्या घरच्या संगणकावर तीन पिढ्यांचे मराठी फॉन्ट साचलेले आहेत. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या तपासणीच्या पानावर तो नेला तर उत्तर आलं की तपासलेल्यांत असा दुसरा नाही. मराठीवरच्या प्रेमाची ही पावती मला नको होती.

फॉन्टच्याही पलीकडे कॅनव्हासची युक्ती आहे. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या कीटन मावरी आणि होवाव शाकम यांनी ती मांडली. ब्राउझरला सांगायचं की पडद्यामागे, कुणाला न दाखवता, ही दोन अक्षरं आणि हा रंग काढ. चित्र सगळीकडे एकच दिसतं, पण अक्षराची कड गुळगुळीत करताना ग्राफिक कार्ड, त्याचा ड्रायव्हर, अक्षरं जुळवणारी प्रणाली यांच्यातल्या फरकानं ठिपक्यांचा हिशेब किंचित वेगळा येतो. तो हिशेब म्हणजे खूण. 'क्ष' किंवा 'र्‍या' काढायला सांगितलं तर फरकाला आणखी वाव, कारण जोडाक्षरं बसवायच्या प्रणालींच्या रीती वेगवेगळ्या. २०१४ साली ल्यूव्हेन आणि प्रिन्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी लोकप्रियतेच्या यादीतल्या पहिल्या एक लाख वेबसाइट चाळल्या तेव्हा साडेपाच टक्क्यांवर ही युक्ती चालू होती, आणि जवळपास सगळीकडे तिच्यामागे 'ॲडधिस' ही एकच कंपनी होती. आवाजाचंही तसंच करतात. न ऐकू येणारा सूर तयार करायला लावून त्याचे आकडे मोजतात. आमच्या औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तिथले शास्त्रज्ञ चार-चार किलोमीटरच्या भुजांतून खडखडाट गाळून सूर पकडायचा प्रयत्न करतील. इथे उलटं आहे, या लोकांना यंत्राचा खडखडाटच हवा असतो.

हे कितपत खात्रीनं जमतं, यावर संशोधकांत एकमत नाही, आणि लोकांना घाबरवणारे लेख हे मतभेद सांगत नाहीत. २०१० साली संशोधक पीटर एकर्सली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांचा अभ्यास केला. त्यांतले ८३.६ टक्के एकमेव निघाले. फ्लॅश किंवा जावा हे जोड-प्रोग्राम असलेल्यांत ९४.२ टक्के. झीज बदलली तरी हा तोच ब्राउझर असा अंदाज त्यांच्या प्रोग्रामनं बांधला, तो ९९.१ टक्के वेळा बरोबर ठरला. आकडे छाती दडपवणारे आहेत. पण त्यांच्या तपासणीच्या पानावर गेले कोण? ज्यांना या विषयात रस होता ते, म्हणजे ज्यांनी आपले संगणक आधीच इकडचं तिकडचं करून ठेवले होते असे लोक. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी एका लोकप्रिय फ्रेंच वेबसाइटवर येणाऱ्या सामान्य माणसांचे २०,६७,९४२ नमुने तपासले, तेव्हा एकमेव निघाले फक्त ३३.६ टक्के. मोबाइल घेतले तर १८.५ टक्के. मधल्या काळात फ्लॅशही मरायला टेकला होता.

मला दुसरा अभ्यास जास्त खरा वाटतो, आणि आपल्याला तो जास्त लागू आहे. आपल्याकडचं बहुतेक इंटरनेट फोनवर चालतं. एका मॉडेलचे लाखो फोन एकसारखेच असतात, त्यांत कुणी फॉन्ट टाकत बसत नाही. निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल अख्ख्या गावाच्या पायात असली की चपलांचा माणूस हात टेकतो. तरीही तिघांत एक, किंवा पाचांत एक, म्हणजे थोडे नव्हेत. शिवाय ही खूण एकटी वापरली जात नाही; तिला आयपी पत्ता, वेळ आणि गाव यांची जोड मिळाली की बाकीचेही बरेच जण सापडतात.

मग फोनवाले सुटले का? अजिबात नाही. फोनवर चप्पल बघायची गरजच पडत नाही, कारण तिथे माणूस नाव सांगूनच आत येतो. हळदीचा भाव बघायचं ॲप घ्या, बियाण्यांच्या कंपनीचं घ्या, नाहीतर बसचं तिकीट काढायचं. पहिला पडदा मोबाइल नंबर मागतो आणि ओटीपी येतो. हा नंबर आपण दहा-दहा वर्षं बदलत नाही, कारण बँक, आधार, गॅस सगळं त्याला बांधलेलं. कुकी पुसता येते, नंबर कसा पुसणार? दोन कंपन्यांनी आपापल्या याद्या नंबरावर जुळवल्या की चित्र पूर्ण. त्याशिवाय अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक क्रमांक असतो आणि बहुतेक ॲप्स तो वाचू शकतात.

जून २०२५ मध्ये तर वेगळाच प्रकार उघड झाला. कुणी ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट उघडली आणि तिच्यावर मेटा कंपनीचा मोजणीचा कोड असला, तर तो कोड फोनच्या आतल्या आत, त्याच फोनवरच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या ॲपच्या कानाला लागत होता. ॲपमध्ये माणूस नावानिशी हजर. म्हणजे ब्राउझरमधला अनोळखी माणूस शेजारच्या खोलीतल्या नावाला जोडला गेला, खासगी टॅबमध्ये असला तरी. रशियाची यांडेक्स कंपनी २०१७ पासून हेच करत होती. बातमी फुटली त्याच दिवशी मेटानं ते थांबवलं. थांबवता येत होतं, एवढं त्यावरून कळलं.

एक बाजू मात्र सांगितली पाहिजे. यंत्र ओळखण्याची हीच विद्या बँकेच्या हातात चोर पकडते. यूपीआयचं ॲप नव्या फोनवर टाकलं की ते आपल्या सिमवरून एक मेसेज पाठवून फोन आणि नंबर एकमेकांना बांधून घेतं. म्हणून नुसता पिन कळल्यानं दुसऱ्याला आपले पैसे काढता येत नाहीत. त्यामुळे खूण घेणं सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही. कुणी घेतली, कशासाठी घेतली आणि पुढे कुणाला दिली, हे विचारायचं.

मोठ्या कंपन्यांच्या आश्वासनांवर फार विसंबू नये. सफारीनं मार्च २०२० मध्ये त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक वेबसाइटची कुकी तिच्या-तिच्या डबीत कोंडली, औंढ्याचं टोकन नर्सीला चालेनासं केलं. क्रोमनंही जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असं जाहीर केलं, तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, २०२४ च्या जुलैत बेत सोडला आणि २०२५ मध्ये पर्यायी योजनाही बहुतेक गुंडाळली. एका हाताला जाहिरातींचा धंदा आणि दुसऱ्या हाताला ब्राउझर असल्यावर दुसरं काय होणार. फेब्रुवारी २०२५ पासून तर गुगलनं आपल्या जाहिरातदारांवरची यंत्राच्या खुणा वापरण्याची बंदीही सैल केली; ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं त्याला बेजबाबदार म्हटलं. 'माझा माग काढू नका' असं ब्राउझरनं नम्रपणे सांगण्याची एक सोयही निघाली होती. ती पाळायचं बंधन कुणावरच नव्हतं. जो ती चालू करी तो उलट चारचौघांत वेगळा दिसे, म्हणजे तीच एक खूण झाली. २०१९ साली तिचं काम अधिकृतपणे बंद पडलं.

आता आपल्या हाती काय उरतं ते पाहू. चप्पल लपवता येत नाही. एक तर सगळ्यांसारखी करावी, नाहीतर रोज वेगळी घालावी. पहिली रीत टॉर ब्राउझरची. तो सर्वांच्या खिडकीचा आकार ठरावीक मापात बसवतो, फॉन्ट ठरावीकच दाखवतो, घड्याळही एकच सांगतो. वारीत जसं सगळ्यांनाच माउली म्हणतात आणि कुणाचं नाव विचारायची गरज राहत नाही, तसं. तो संथ चालतो आणि बँकांना चालत नाही, पण विचार पक्का आहे. दुसरी रीत ब्रेव्ह ब्राउझरची. तो कॅनव्हासच्या, आवाजाच्या उत्तरात दर वेळी किंचित भेसळ करतो, त्यामुळे काल आलेला आज ओळखू येत नाही. सफारीनं २०१८ पासून मॅकवर आपण टाकलेले फॉन्ट वेबसाइटला दाखवणंच बंद केलं. फायरफॉक्सच्या कडक संरक्षणातही तसं होतं. माझ्यासारख्या फॉन्ट साठवणाऱ्याला हा एवढा उपाय पुरेसा आहे, श्रीलिपी काढून टाकायचं कारण नाही.

रोजच्या वापराला मी फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे असा कोड अडवणारं ॲड-ऑन सुचवेन. खूण घेणारा कोड पानात शिरलाच नाही तर पुढचे प्रश्नच उद्भवत नाहीत, आणि हे ॲड-ऑन अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही चालतं. क्रोमनं ते ॲड-ऑन २०२५ पर्यंत बंद पाडलं. क्रोमच वापरायचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्रयस्थ कुकी तरी बंद कराव्यात. ॲड-ऑनांची मात्र हौस नको, चपलेला दहा रंगांचे गोंडे लावून गर्दीत लपता येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये गुगलखाली जाहिराती या ठिकाणी तो जाहिरात क्रमांक पुसून टाकता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. जे काम वेबसाइटवर होतं त्यासाठी ॲप टाकूच नये. खासगी टॅबबद्दल लोकांची मोठी गैरसमजूत आहे: तो घरच्यांपासून लपवतो, वेबसाइटपासून नाही. त्यावरून अमेरिकेत २०२० साली गुगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड करताना कंपनीला अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं. व्हीपीएन फक्त परतीचा पत्ता बदलतो, चप्पल तीच राहते. त्यातही सीईआरटी-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं भारतातल्या व्हीपीएन सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा नावाजलेल्या अनेक कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. फुकटचा व्हीपीएन तर कुंपणानंच शेत खाण्यातला प्रकार.

सेवा केंद्रात खासगी टॅब खरा उपयोगी पडतो, कारण तिथला धोका मागच्या-पुढच्या माणसाचा असतो. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पाहुण्याची खिडकी उघडायची, काम झालं की बंद करायची. टोकन गिऱ्हाइकाबरोबर गेलं. उतरवलेल्या फाइली मात्र पुसाव्याच लागतात. मी जाईन त्या केंद्रात डाउनलोडचा फोल्डर एकदा डोळ्यांखालून घालतो. आधार, सातबारा, जातीचे दाखले, टीसी, सगळं नावानिशी पडलेलं असतं. तिथं कुकीची चिंता करणं म्हणजे दार सताड उघडं टाकून खिडकीला कडी लावण्यासारखं आहे.

कायद्याचं बोलायचं तर २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सरकारी यंत्रणांना भरपूर सवलती आहेत, त्या मला खटकतात. अठरा वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणं यांना कायद्यानं मनाई केली आहे, मोडल्यास दंड दोनशे कोटींपर्यंत. कलम उत्तम. पण त्या केंद्रात शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी आणि तिच्यानंतर त्याच खुर्चीत बसलेला मी, यांतलं लहान कोण हे वेबसाइटला कसं कळावं? मुलांना ओळखायचं नाही म्हणून आधी सगळ्यांना ओळखायचं, असा पेच त्यात आहे.

याच कायद्यात एक तरतूद अशी आहे जिची मी वाट बघतोय. तुमची माहिती कशासाठी घेतोय हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. आज कुकीची पट्टी येते ती इंग्रजीत, आणि आमच्याकडे ती न वाचता होकाराचं बटण दाबून बाजूला सारली जाते. ती मराठीत आली तर निदान केंद्रवाला मोठ्यानं वाचून तरी दाखवेल. आता समोरच्याला मराठी हवी आहे हे वेबसाइटला आपोआप कळणार कशावरून, तर ब्राउझरच्या भाषेच्या त्या ओळीवरून, जिच्यामुळे माझा संगणक गर्दीत उठून दिसतो. मी ती ओळ अजून बदललेली नाही.